तेहतीस पायऱ्या आणि माझा आवाज

तेहतीस पायऱ्या आल्या कुठून, ते आधी सांगा. आमच्या धुलाई कारखान्याच्या जिन्याला एकतीसच आहेत. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून बावीस वर्षं मी त्या चढते आहे. ‘जिना’ ही कविता माझी. मी बोलते, धाकटे दीर डफ वाजवतात, वस्त्यावस्त्यांतल्या बायका ऐकतात. लिहून ठेवायची माझी रीत नाही. मागे माझी नळाची कविता परक्या तोंडून ऐकली, तेव्हा मी शहाणी झाले. ‘जिना’ सभेत म्हणण्याआधी जवळच्या तिघांना ऐकवली, पण वेगवेगळ्या आकड्याने. मुलीला तीस, शेजारच्या शिंप्याला बत्तीस, दिरांना तेहतीस. गेल्या रविवारी पलीकडच्या वस्तीत शाळेतल्या बाईंनी माइकवर माझी ‘जिना’ म्हटली, पायऱ्या तेहतीस!

वर ती ऐकून तिथल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कारखान्यात गठ्ठे खालीच ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाने लिफ्ट चालू केली. आमची बंदच.

तर मी, वय बावन्न, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर, हे मृत्युपत्र स्वतः लिहिते. कोणी माझा हात धरलेला नाही. धरून दाखवावा.

१. दोन खोल्यांचं घर मुलीला. जावयाने मधली भिंत पाडून दुकान काढायचं नाही. येताजाता भिंत ठोकून बघतो, मला दिसत नाही असं त्याला वाटतं.

२. स्पीकर, माइक आणि लांब वायर कारखान्यातल्या बायकांना. मुकादमाचा हात लागू देऊ नये. नेमकी सभेच्या दिवशीच वायर कशी तुटते, ते मला कळतं.

३. डफ दिरांकडेच राहावा. माझा श्वास कुठे संपतो ते त्यांना माझ्याआधी कळतं, हे मला मान्य आहे.

४. माझ्या सगळ्या कविता ................ यांना. ही जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे.

भाऊजी, आता तुमच्याशी. सोमवारी माझ्या घशातली गाठ काढणार. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला बाहेर बोलावलं. परत आलात तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाले?”

“काही नाही वहिनी, गाडी कुठे लावली विचारत होते.”

आपल्याकडे गाडी कुठली, भाऊजी? तुमची सायकल?

‘जिना’ शाळेतल्या बाईंना तपासणीच्या दिवसाआधी दिलीत की नंतर? आधी दिली असेल तर ती चोरी. चार शिव्या घालीन आणि मोकळ्या जागेत तुमचंच नाव लिहीन. नंतर दिली असेल, तर माझ्या आवाजाचं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे; डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगा.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. (“माझ्यावर संशय घेता आणि सहीपण मागता?” म्हणाला. संशय फिटला म्हणूनच मागितली.)
साक्षीदार दुसरी: औषधांच्या दुकानातली बाई.

सही: माझी, पूर्ण नावाने.
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, दार आतून लावून.
वार व तारीख: बुधवार, नऊ.

याची एक प्रत दिरांच्या दारातून आत सरकवली आहे. उत्तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत हवं. चिठ्ठी नको, मुलीकडून निरोप नको. समोर येऊन बोला, मला उलट बोलता येतंय तोवर.