कोळंबी आणि वासाचा साबण

बेंगकालिस, ता. १६ फेब्रुवारी १९९३

थोरल्या जाऊबाई सलबिया यांना धाकट्या मिस्नाचा सलाम, वि. वि.

मी पोचले. तोंड अजून सुजलेलं आहे, पण आता निदान माणसाचं वाटतं. बोटीवर शेजारच्या बाईने विचारलं, गालात काय धरलंय. मी म्हटलं, जाऊबाईंची माया.

तुम्ही रागावलात ते मला दिसलं. हे गेले त्याच्या शंभराव्या दिवसाचं जेवण, आणि बायकोनेच दुसऱ्या घासाला ताट सारलं. पण मी करू काय? मला कोळंबी चालत नाही हे मलाक्काच्या धक्क्यावर पाय ठेवल्यापासून मी सांगत होते. बंदरावरच्या साहेबाने माझा भाताचा डबा ठेवून घेतला, शिजवलेलं दुसऱ्या देशातून आणायचं नाही म्हणे. खाणावळवाल्याला विचारलं, तो म्हणाला कोळंबी नाही, नुसता रस्सा. आणि रश्शात बेलाचान. ते काय दगडाचं करतात? कोळंबीच कुटून, खारवून, वाळवून त्याची वडी होते ना? तर म्हणतो, ते वासापुरतं असतं. तुमच्या घरी ठेच्यात तेच. तुमच्या शेजारणी म्हणाल्या, एवढंसं असतं, कळतही नाही. अहो, मला कळायची गरजच नाही, माझ्या गळ्याला कळतं. तो आतून मिटतो. डॉक्टरने सुई टोचली म्हणून, नाहीतर एकाच मांडवात दोघांचं जेवण उरकलं असतं.

पुढचे तीन दिवस उकडलेली अंडी आणि केळी खाऊन काढले, आणि गावभर झालं काय, तर बेंगकालिसची बाई गर्विष्ठ आहे. पाहुणी उपाशी, वर तिचीच बदनामी.

थोरल्या तालिब भावजींना सलाम. लोभ असू द्या, कोळंबी नको.

तुमची मिस्ना


मलाक्का, ता. ९ मार्च १९९३

धाकटीला आशीर्वाद. पत्र पोचलं, टोमणेही पोचले.

साठ माणसं जेवली, सुजलीस तू एकटी. ठेच्यात बेलाचान नाही घालायचं तर काय, साखर घालू? महादी भावजींना नारळाच्या रसातली कोळंबी आवडायची म्हणून मी त्या दिवशी उजाडायच्या आत मासळीबाजार गाठला. त्यांच्या नावाचं जेवण त्यांच्या आवडीचंच होणार. तुझ्या आवडीचं करायला अजून वेळ आहे. बायका मला विचारत होत्या, तिला तुमच्या घरचं पाणी तरी चालतं का. मी कुठे तोंड लपवू?

आता बोलतेच. एकतीस वर्षं तू त्या माणसाला घरात कोळंबीचं शेपूट दिसू दिलं नाहीस. बिचारा समुद्र ओलांडून इथे यायचा आणि एका बैठकीला आठ खायचा. ऑक्टोबरात वर्षाचं जेवण आहे. येशील तर चारचौघींसारखी बसून जेव. नाहीतर उगाच तिकीट काढू नकोस.

घरच्या सगळ्यांचा तुझ्यावर लोभ आहे, माझाही असेल.

सलबिया


बेंगकालिस, ता. ३० मार्च १९९३

जाऊबाईंना सलाम. आज चेष्टा सुचत नाही.

आठ?

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्याशेजारी बसून कोळंबी जेवले आणि माझा गळा मिटला. त्या दिवसापासून म्हणायचे, मलाही आता त्या वासाने मळमळतं. मी हे सगळ्या गावाला कौतुकाने सांगितलं, की अल्लाने जोडी बरी जुळवली. वर्षातून दोनदा तुमच्याकडे बोटी दुरुस्त करायला यायचे. परतायचे तेव्हा अंगाला वासाचा साबण, कपडे धुतलेले, तोंडात पेरूचं पान. मी चिडवायचे, मलाक्कात कोण ठेवली आहे ते सांगा. ते नुसते हसायचे. आता वाटतं, मलाच हसत होते.

एखादी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. कोळंबीच्या काय धरू, मिशा? आणि दर शुक्रवारी त्यांच्या आवडीची म्हणून मी भोपळ्याची भाजी करायचे. ती तरी आवडत होती का, हे आता कुणाला विचारू?

वर्षाच्या जेवणाला मी येत नाही. तुम्हाला त्यांची आवड ठाऊक, तुम्हीच जेवा.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

मिस्ना


मलाक्का, ता. २१ एप्रिल १९९३

मिस्नाला आशीर्वाद.

रागाच्या भरात मी अर्धंच सांगितलं, उरलेलं आता सांगते. आमच्या माळ्यावर एक पातेलं आणि लहान खलबत्ता फडक्यात बांधलेला आहे. भावजींनीच आणला, सोळा वर्षं झाली. तुमच्या खलबत्त्यात बेलाचान मुरलंय, मिस्ना येईल तेव्हा तिचं यात करा, म्हणाले. दर खेपेला गाठोडं उतरवून बघायचे, मी वापरलं तर नाही ना. आणि निघायच्या दिवशी तीनदा आंघोळ. मी हसायचे, म्हणायचे, एवढा उपद्व्याप कशाला, तिला सांगून टाका. त्यावर म्हणाले, "सांगितलं तर ती म्हणेल खा. मग मी घरीच खाईन, आणि गळा तिचा मिटेल."

शंभराव्या दिवशी मला ते गाठोडं आठवलं होतं. माणसं खोळंबली होती, शिडी कोण लावणार, हे एक. दुसरं, मनात आलं, ही इतकी वर्षं आली नाही, सगळी नाटकं असतील, एवढंसं हिला काय करतंय बघू. मग तुझं तोंड बघितलं. हे लिहायला मला दोन महिने लागले.

तू येत नसलीस तर गाठोडं बोटीने पाठवते. ते तुझंच आहे.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

सलबिया


बेंगकालिस, ता. १० ऑक्टोबर १९९३

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. राग होता, तो पाच महिने पुरवून वापरला. थोडा अजून शिल्लक आहे, तो येताना आणते.

गाठोडं पाठवू नका. मी गुरुवारच्या बोटीने निघते. माळ्यावर तुम्ही चढू नका, तालिब भावजींना चढवा. तुम्ही पडलात तर मला तुमच्याही नावाचं जेवण जेवावं लागेल, आणि त्यात बेलाचान असणार. हळद-मिरच्या माझ्या मी आणते. साहेबाने त्या ठेवून घेतल्या तर त्याच्यासमोर धक्क्यावर बसून राहीन, मला आता घाई नाही.

कोळंबी कराच, नारळाच्या रसातली, भरपूर. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला माझं पातेलं घेऊन बसेन. तुमच्या शेजारणींना सांगा, बेंगकालिसची गर्विष्ठ बाई आली आहे, तिच्याशी बोलायचं तर आधी हात-तोंड साबणाने धुवा. साबण मी आणते. यांच्या पेटीत वासाची एक वडी सापडली, अर्धी झिजलेली.

त्यांच्या नावाने आठ वाढा, आणि सावकाश खा म्हणावं. आता आंघोळ नको.

लोभ असू द्या. कोळंबीही असू द्या.

तुमची मिस्ना