खुर्चीवरची वंदना

जरीपटका, नागपूर

प्रिय प्रेमिला,

सप्रेम जय भीम. फोनच करणार होतो. पण फोनवर माझं लगेच भाषण सुरू होतं आणि तू धाकट्या बहिणीसारखी नुसती हूं हूं करत बसतेस. म्हणून लिहितो आहे. वाचताना मोनालीला शेजारी बसवू नकोस. भाचीसमोर मामाची लाज जरा उशिरा गेली तर बरं.

उन्हाळ्यात तू गुडघ्यासाठी डॉक्टरांना भेटून सरळ आमच्याकडे आली होतीस. कोराडी रोडवरच्या अपघातानंतर तुझ्या मांडीत घातलेली सळई अजून आतच आहे. गुडघा बदलताना दिशा धरायला मांडीच्या हाडात आतून एक दांडी सरकवतात. तुझ्या मांडीत ती जाणार नाही, म्हणून कंप्युटर लावून करू, असं त्यांनी तुला समजावलं होतं. तू नीट सांगत होतीस. मी ऐकत नव्हतो, उत्तर जुळवत होतो. मग कंपन्या, नफा, दुखण्याचा बाजार, सगळं तुझ्यावर बरसलो. "माणसाचं हाड आता मशीन कापणार काय वं?" असंही म्हणालो. तू कप खाली ठेवलास. "दादा, तू सांगून राहिला तं मंग नाही करत." मला सभा जिंकल्यासारखं वाटलं. पुढे खरोखरच सभांमधून तुझा दाखला दिला.

दिवाळीनंतर मी व्याख्यानांसाठी हैदराबादला गेलो होतो ना? गेलो नव्हतो. इथेच दवाखान्यात गुडघा बदलून घेत होतो. डावा गुडघा पार गेला होता. गोळी घेतल्याशिवाय मंचाची पायरी चढवत नव्हती. तुझी वहिनी सरिता म्हणाली, "प्रेमिलाताईले तरी सांगा." तिलाच गप्प बसवलं.

कमरेखाली बधिर केलं होतं, पण मी जागा होतो. मांडीच्या आणि नळीच्या हाडात खुंट्या रोवून त्यांवर चकाकते गोळे लावतात. कॅमेरा ते टिपतो आणि पायाची रेषा स्क्रीनवर उमटते. कापत होते ते डॉक्टरच. हात थांबवायचे, स्क्रीन बघायचे, "थोडं अजून" म्हणायचे. भर सभेत जे ठणकावून सांगितलं, ते मी आधी कुणालाही विचारलं नव्हतं. घरभर पुस्तकं आहेत माझ्या. एका डॉक्टरला एक प्रश्न विचारणं जमलं नाही. आणि ऐक, माझी मांडी सरळ आहे. कंप्युटरशिवायही चांगलं होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मीच म्हटलं, लावाच. सळई तुझ्या मांडीत, मशीन माझ्या गुडघ्याला, आणि तुझ्या वाट्याला माझं भाषण.

परवा पौर्णिमेच्या वंदनेला विहारात सगळे खाली बसलेले आणि मी एकटा खुर्चीवर. जमिनीवर बसायचं नाही, असं मला बजावलं आहे. सुभद्रामावशी भर विहारात म्हणाल्या, "काहून गा रविंद्र, मंचावरून उतरला तरी खुर्ची सुटून नाही राहिली?" सगळे हसले. तू मात्र दुखरा पाय एका बाजूला पसरून, ओठ चावत खाली बसली होतीस, आणि तिथूनच माझ्यासाठी भांडलीस, "त्याची कंबर धरली हाय मावशी, चिडवू नका वं." कंबरेची ती थापही माझीच. लगेच पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या माणसानं खोकल्याची गोळी पुढे केली.

रविवारच्या महिला मेळाव्यात तुझा सत्कार आहे. ऑपरेशन नाकारणारी धीट बाई म्हणून. माझ्याच सूचनेवरून. तुझं भाषण तू मोनालीकडून मोबाइलवर पाठवलंस, दादाले म्हणावं तपासून दे. तपासलं. चांगलं आहे, माझ्यासारखं लांबलेलं नाही. पण त्यात एक वाक्य आहे, "माह्या भावानं माहा पाय वाचवला." ते घेऊन तू मंचावर चढू नयेस, म्हणून हे पत्र. कंपन्यांच्या नफेखोरीवर मी बोलतच राहणार. ती खरी आहे. पण रविवारी तू आलीस किंवा नाही आलीस, आधी मी उभा राहीन आणि माझ्या गुडघ्याची गोष्ट सांगेन. ऑपरेशन करायचं की नाही, ते यापुढे मी सांगणार नाही. डॉक्टरांकडे परत जायचं ठरवलंस, तर मला सोबत नेऊ नकोस. मी आत आलो की त्यांना बोलूच देणार नाही. मोनालीला ने.

तुझाच, तोंडाळ आणि शरमिंदा,
रविंद्रदादा