केतनचा बगळा

नेरूळ, १४ डिसेंबर २०२४, सकाळी सव्वाआठ. खाडीकाठी कॅमेऱ्याची काच पुसत बसलो आहे.

प्रिय आई, पाया पडतो.

जेवण वेळेवर होते, काळजी नसावी. बाबांचा खोकला थांबला का?

स्टुडिओच्या कॅलेंडरसाठी साहेबांनी माझ्या कामातल्या जोडीदाराचा, केतनचा, बगळ्याचा फोटो निवडला. माझ्या फोटोत पिसेच दिसत नाहीत, नुसता चुन्याचा ठिपका. कॅमेरा तोच, ऊनही तेच! दोन दिवस दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसलो.

आज शेवटी केतनला विचारलेच. वाटले, लपवेल. तर म्हणाला, "कॅमेरा काळा चिखल बघून उजेड वाढवतो. तू थोडा कमी कर. आधी नाय का विचारायचं, येड्या!"

तसे केले. आता पीस न् पीस दिसते.

त्याने लपवले असते तर बरे झाले असते, आई. निदान त्याच्यावर रागावता तरी आले असते.

तुझा,
प्रथमेश