साडेअठरा हजारांचा चाकू

श्री
कुंभकोणम, ३ जुलै २०२४

चि. गिरीश भावोजी यांस कामाक्षीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या अण्णांची तब्येत आता बरी म्हणावी अशी आहे. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी मजला धीर धरा एवढेच सांगितले होते. आता काठी घेऊन ओसरीपर्यंत जातात. बोलणे मात्र अजून जड आहे. मजला समजते, पण फोनवर दुसऱ्या कोणाला समजत नाही, मग ते चिडून फोन माझ्या मांडीवर टाकतात. म्हणून हे पत्र. पत्र दोनदा, तीनदा वाचून दाखवता येते.

तुम्ही पाठविलेले रक्तदाबाचे यंत्र, चार पायांची काठी, पाण्याची गादी, हाताने दाबायचा चेंडू, अवघे पोचले. अण्णा म्हणतात, आणखी दोन पार्सले आली तर आपण दोघांनी ओसरीवर निजावे आणि घर सामानाला द्यावे.

आता मुख्य गोष्ट. मामंजींचे श्राद्ध श्रावण वद्य दशमीस, म्हणजे २८ ऑगस्टला येते. आपल्या घरची रीत तुम्हांस ठाऊक आहेच. श्राद्धाची पाने साक्कोट्टैच्या मळ्यातल्या आपल्याच केळींची, शेंड्यासकट, आणि मुलाने स्वतः कापलेली. कापल्यापासून वाढेपर्यंत ती भुईला लागू द्यायची नाहीत. तुम्ही येथे होता तेव्हा तुम्ही पान धरायचे आणि अण्णा कापायचे. तुम्ही पुण्याला गेल्यापासून बावीस वर्षे त्यांनी एकट्याने एका हाताने धरले, दुसऱ्याने कापले. आता हात एकच आहे. मी धरते म्हटले तर ते म्हणाले, सुनेचा हात स्वयंपाकाला, पानाला नाही. आम्हांस मुलगा नाही. बाजारची पाने आणू म्हटले तर दिवसभर जेवले नाहीत.

तुम्ही यावे असे त्यांच्या मनात आहे. तसे ते म्हणणार नाहीत, म्हणून मी लिहिते. या वर्षी या, भावोजी. लावण्याला आणि मधुमिताला आशीर्वाद. माया आहे ती राहू द्या.

तुमची वहिनी
कामाक्षी


श्री
पुणे, ११ जुलै २०२४

ती. अण्णा आणि ती. सौ. वहिनी यांस गिरीशचे साष्टांग नमस्कार, वि. वि.

वहिनींचं पत्र वाचलं. अण्णा चालायला लागले हे वाचून किती बरं वाटलं ते काय लिहू. ऑगस्टचं मात्र अवघड आहे. कारखान्यात परदेशी गिऱ्हाईक तपासणीला येणार आहे आणि व्हॉल्व्हच्या चाचणीचं सगळं माझ्या अंगावर आहे. मार्चमध्ये वर्षअखेर होती, आता हे. मला लाज वाटते, पण खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे बरं.

मी दुसरा विचार केला. एका हाताने काम करायचं तर हत्यार तसं पाहिजे. कोयत्याला घाव घालावा लागतो आणि त्यासाठी पान कोणीतरी धरावं लागतं. म्हणून अण्णांसाठी एक घडीचा चाकू पाठवतो आहे, भक्कम कामाचा. किंमत साडेअठरा हजार. लावण्याने आकडा ऐकून विचारलं की हा भाजीही स्वतःच आणतो का. पण मी तीस वर्षं पोलादात काढली आहेत, उगीच पैसे टाकणार नाही. पातं साडेतीन मिलिमीटर जाड आहे, केळीच्या चिकाने गंजणार नाही, आणि शंभर देठ कापले तरी धार राहील. मुख्य म्हणजे त्याचं लॉक. स्वस्त चाकूचं पातं जोर दिला की बोटांवर मिटतं; आमच्या एका फिटरचं बोट असंच गेलं. याचं मिटणार नाही. आणि पात्यावर एक छोटं बोंड आहे, त्यावर अंगठा टेकून ढकललं की एका हाताने उघडतो. दुसऱ्या हाताची गरजच नाही.

अण्णा, पान खांद्याला टेकवून देठ कापून पाहा. आणि मोकळेपणाने सांगा, पैसे वसूल आहेत की नाहीत. दोघांचा आशीर्वाद आणि लोभ माझ्यावर असाच असावा.

आपला
गिरीश


श्री
कुंभकोणम, २२ जुलै २०२४

चि. गिरीश यास मुकुंदरावाचे अनेक आशीर्वाद. मी सांगतो आणि कामाक्षी लिहिते. तिला मध्येमध्ये हसू येते, त्याचा दोष माझ्यावर ठेवू नकोस.

चाकू पोचला. स्वामीमलैच्या रस्त्यावरच्या लोहाराने माझा कोयता अडीचशे रुपयांत केला, त्याला पंधरा वर्षे झाली. मूठ दोनदा बदलली, एवढाच खर्च. तुझ्या चाकूच्या पैशांत त्याने आपल्या गल्लीत घरटी एक कोयता दिला असता. हे मी पार्सल फोडण्याआधी म्हणालो. फोडल्यावर आधी धार पाहिली. हातात घेतला की वजन कसे नेमके बसते! मिटताना एकच आवाज होतो, टक्, आणि पाते जागेवर. परसातला एक वाळका देठ कापला, सुतासारखा निघाला. वेड्या पैशांची वस्तू असेल असे वाटले होते, तशी नाही. ज्याने बनविला त्याने झोपा मोडून बनविला आहे. माझा निकाल असा, की ज्याला रोज हत्यार लागते त्याला ही किंमत रास्त. मला वर्षातून एक दिवस लागते, म्हणून मी अडीचशेतच सुखी.

तपासणी आधी आटोपली तर बघ. नाही तर नाही. मधुमिता आता तुझ्याएवढी उंच झाली असेल. मनात आठवण ठेव.

तुझा
अण्णा

ता. क. : भावोजी, हे मी त्यांना न दाखविता लिहिते. ते बोंड उजव्या अंगठ्यासाठी आहे, एकाच बाजूस. अण्णांचा उजवाच हात गेला आहे. तीन दिवस मजकडे पाठ करून ओसरीवर बसून खटपट करीत होते. शेवटी दाराच्या चौकटीला घासून किंवा दातांत धरून उघडतात. तुम्हांस कळवायचे नाही अशी शपथ घातली आहे. कोणती बाजू ते माझे फोनवर सांगायचे राहिले असेल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण पाहिले असते तर सांगावे लागले नसते.
कामाक्षी


श्री
पुणे, १ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमचा ताजा कलम वाचून मी कारखान्यात जिन्यावरच बसलो. तुमचं काही राहिलं नव्हतं. तुम्ही फेब्रुवारीतच उजवी बाजू म्हणाला होता. मी ऐकलं आणि मीटिंगला गेलो. चाकू निवडताना मी तीन दुकानदारांशी पोलादावर तासन्‌तास बोललो, आणि माझ्या भावाचा कोणता हात चालतो हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी येतो. रजेचा अर्ज दिला, साहेब मान्य करताहेत. २६ला निघून २८ला सकाळी सात वाजता कुंभकोणमला उतरेन. तसाच सरळ साक्कोट्टैला येतो, पान मी धरतो. अण्णांना सांगा. डावखुऱ्यांसाठीचा तसाच चाकू मिळतो, तोही मागवला आहे. येताना घेऊन येतो. माझ्यावरचा राग धरून ठेवू नका एवढीच विनंती.

आपला
गिरीश


श्री
कुंभकोणम, १० ऑगस्ट २०२४

चि. गिरीश भावोजी यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

शपथ मोडल्याचे कबूल करून पत्र अण्णांना चार वेळा वाचून दाखविले. पाचव्या वेळी मी म्हटले, आता पाठ झाले, तुम्हीच म्हणा. तर खरेच म्हणू लागले, अर्धे अर्धे शब्द. तेव्हापासून एक दिवसाआड रिक्षाने साक्कोट्टैला नेते. कोवळी, न फाटलेली पाच पाने त्यांनी हेरून ठेवली आहेत आणि वाऱ्याने फाटू नयेत म्हणून बाजूची जुनी पाने त्यांवर वाकवून बांधायला मजला सांगतात. भटजींना, त्यागराज शास्त्रींना, भेटून सांगून आले की यंदा दोघे भाऊ बसणार. तुमच्यासाठी धोतर आणले आहे. पुणेकराला काठ मोठा वाटेल म्हणतात, पण नेसावेच लागेल. वाट पाहणारी माणसे आहेत, हे विसरू नका.

कामाक्षी


श्री
पुणे, २२ ऑगस्ट २०२४

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

हे लिहिताना हात उचलत नाही. गिऱ्हाइकाने तपासणीच्या तारखा बदलल्या, २७ ते २९ केल्या. रजा रद्द झाली. मी खूप भांडलो. सोबत डाव्या हाताचा चाकू कुरिअरने पाठवतो आहे, याचं बोंड बरोबर बाजूला आहे, मी स्वतः डाव्या हाताने पन्नास वेळा उघडून पाहिला. दिवाळीला नक्की येतो. मला क्षमा करा आणि पदरात घ्या.

आपला
गिरीश


श्री
कुंभकोणम, ३० ऑगस्ट २०२४

चि. गिरीश भावोजी यांस आशीर्वाद.

श्राद्ध पार पडले. कसे ते तुम्हांस कळावे म्हणून लिहिते, दुखवावे म्हणून नाही.

नवा चाकू २६ला आला. डाव्या हाताने छान उघडतो. २८ला सकाळी आम्ही साक्कोट्टैला गेलो. अण्णांनी पहिल्या पानाचा देठ मान आणि खांदा यांत धरला आणि कापला. चाकूने काम केले, एका ओढीत देठ तुटला. पण पानाचे वजन एकदम खांद्यावर आले, ते फिरले, घसरले आणि भुईवर पडून शेंड्याशी फाटले. दुसरे तसेच. तिसरे काखेत धरले. मी पुढे झाले तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मागे सरले. पाची पाने गेली. मग त्यांनी चाकू मिटून खिशात ठेवला आणि रिक्षात जाऊन बसले. बाजारची पाने मी घेतली. ते दुसरीकडे पाहत होते.

घरी शास्त्रींनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात धरून पाणी सोडविले. त्या वेळी मात्र मजला स्वयंपाकघरात राहवले नाही.

कालपासून ते लिहीत बसले आहेत. सोबतचा कागद त्यांचा आहे. मी वाचलेला नाही. सगळ्यांना जपून असा.

कामाक्षी


श्री
चि. गिरीश यास आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो. वेळ लागतो, म्हणून थोडके.

दोन्ही चाकू चांगले. तू विचारले होतेस म्हणून सांगतो, किंमत रास्त. पाने पडली त्यात त्यांचा दोष नाही.

शास्त्रींना विचारले. चूल वेगळी असलेल्या भावांनी वडिलांचे श्राद्ध आपापल्या घरी केले तर चालते म्हणाले. माझ्या तोंडून मंत्र फुटत नाहीत, वाकवत नाही. पुढल्या वर्षापासून तू पुण्याला कर. पाने बाजारची चालतील. ती अट मी काढली. नावे लिहून ठेव. वडील सेतूराव, आजोबा त्र्यंबकराव, पणजोबा पुन्हा सेतूराव. दोघे सेतूराव आहेत, घोळ करू नकोस. संकल्पात गाव कुंभकोणम म्हणायचे की पुणे, ते तिकडच्या भटजींना विचार. पुणे म्हणाले तर पुणे म्हण.

हे रागाने लिहीत नाही. २८ला पहाटे आंघोळ करून मी ओसरीवर बसलो होतो. कामाक्षीला वाटले, वारा घेतो आहे. सातची गाडी आली, स्टेशनवरून रिक्षा आल्या, गेल्या. तू येणार नाहीस हे ठाऊक असून बसलो होतो. दर वर्षी असे बसणे मला झेपणार नाही. श्राद्ध तुझ्याकडे असले म्हणजे त्या दिवशी इकडे कोणी यायचे नसेल.

लोभ इकडून आहे तसाच आहे.

अण्णा