बंद केलेलं पाणी

रीडिंग, इंग्लंड
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय दिनानाथ,

जय भीम. इथे मी आणि तुझी वहिनी ठीक आहोत. तिचा गुडघा इथल्या थंडीत दुखतो, पण यंदा थंडी आहे कुठे? पाऊस महिनोन्‌महिने नाही. तुमची तब्येत कशी आहे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहितो. पाकीट बघून फाडू नकोस. अक्षर माझंच आहे, सातवीतलं होतं तसंच.

इथे पाणीटंचाई जाहीर झाली आहे. ऐकून हसशील. नळाला चोवीस तास पाणी, तेही दुसऱ्या मजल्यापर्यंत जोरात, आणि म्हणे टंचाई! बंदी कसली, तर रबरी पाइपावर. पाइपाने बागेला पाणी द्यायचं नाही, गाडी धुवायची नाही. पण झारीने दे, बादलीने दे, दिवसभर दे, कुणी विचारत नाही. टबात गळ्याइतकं पाणी भरून बसलं तरी चालतं. मी आमच्या पोराला, संघर्षला म्हटलं, "अरे, टंचाई आहे तर पाणी बंद करा. पाळी लावा. दिवसाआड सोडा." तो म्हणतो, "बाबा, इथे असं नसतं. लोकांवर ट्रस्ट असतो." ट्रस्टने टाकी भरते का? बत्तीस वर्षं मी नगरपालिकेत व्हॉल्व्ह फिरवले. लोकांना पाणी कसं पुरवायचं ते मला कुणी शिकवू नये.

मी घरात बादल्या भरून ठेवायला लागलो. सूनबाई रचना रोज त्या ओतून देते. "बाबा, प्लीज, बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही." भरलेलं पाणी ओतायचं, आणि म्हणे टंचाई. माझं डोकं फिरायचंच बाकी राहिलं.

शेजारी मिसेस पार्फिट राहते. आमच्या भिंतीला तिची भिंत चिकटलेली. एकटी म्हातारी, माझ्यापेक्षा मोठी असेल. ही बाई रोज सकाळी खुर्ची टाकून, रबरी पाइप हातात धरून शेंगांच्या वेलांना पाणी घालते. उघडपणे! सगळ्या गल्लीचं गवत पिवळं पडलंय, हिचे वेल हिरवेगार. मी चार दिवस बघितलं. संघर्षला सांगितलं, तर म्हणे, "बाबा, माइंड युवर ओन बिझनेस." तुझी वहिनी म्हणाली, "इथं तरी व्हॉल्व्हची चावी खाली ठेवा. रिटायर झालात, आता गप बसा."

पण शेडमध्ये आधीच्या घरमालकाची एक लांब चावी पडलेली होती, थेट आपल्या व्हॉल्व्हच्या चावीसारखी. आणि तिच्या दारासमोर फुटपाथवर लोखंडी झाकण, खाली व्हॉल्व्ह. मला काय सांगावं लागतं? शनिवारी सकाळी झाकण उचललं, चावी लावली, दोन आट्यांत बंद. हाताला अजून सवय आहे. आत येऊन चहा घेत बसलो.

पाच मिनिटांत वरून रचना ओरडली, "पाणी गेलं! माझ्या डोक्याला शाम्पू आहे!" दिना, दोन घरांना एकच लाइन निघाली. आमचंही बंद. बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा हा पराक्रम. तेवढ्यात दारावर टकटक. मिसेस पार्फिट काठी टेकून उभी, तिचंही पाणी गेलेलं.

दाराशी टेकवलेली लांब चावी बघून संघर्षला सगळं कळलं. तो माझ्यावर जे ओरडला ते लिहीत नाही. व्हॉल्व्ह उघडला आणि मला हाताला धरून तिच्या घरी माफी मागायला घेऊन गेला. तिथे कळलं की तिच्याकडे अपंगांचं निळं कार्ड आहे. कंबरेचं हाड मोडलंय, झारी उचलता येत नाही. अशा माणसांना पाइपाची परवानगी आहे. नियमातच लिहिलंय. म्हणजे नियम मोडणारा मीच.

तिने आम्हाला बसवलं. चहा दिला, बिनसाखरेचा. संघर्षला वाटलं, माझी बाजू सावरून घ्यावी. तो इंग्रजीत सांगत होता, मला थोडं थोडं कळत होतं. म्हणाला, माझे वडील फार स्ट्रिक्ट होते. आमच्या गावात दुष्काळ होता, तेव्हा सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही त्यांनी पाळीच्या आधी पाणी सोडलं नाही. अभिमानाने सांगत होता. पोराला माझ्याबद्दल एवढंच मोठं सांगण्यासारखं होतं.

मिसेस पार्फिटने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पुअर गर्ल." बिचारी पोरगी. एवढंच.

नऊ वर्षांत तुझ्या तनूबद्दल माझ्या घरात हे कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

सोळा सालचा मे. आपल्या भीमनगरची पाळी दुसऱ्या दिवशीची होती आणि लग्न आज. तू दोन कळश्या हातात घेऊन व्हॉल्व्हपाशी आलास. "दादा, अर्धा तास सोड. वऱ्हाड आलंय." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. आज तुला सोडलं तर उद्या सगळी वस्ती माझ्या दारात." तू टँकर आणलास. त्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजली नाही. पंगत चार वाजता बसली. तनूच्या सासूने तिला त्या डाळीवरून किती वर्षं टोमणे मारले, ते तुझी वहिनी मला सांगायची, आणि मी ऐकलं न ऐकलं करायचो. विहारात माझा सत्कार झाला, प्रामाणिक कर्मचारी म्हणून शाल दिली. तू आला नाहीस. लोक म्हणाले, दिनानाथ छोट्या मनाचा.

आता पुढचं लिहितो. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

तू गेलास आणि अर्ध्या तासाने मी नगरपालिकेतल्या आमच्या साहेबाच्या बंगल्याची लाइन उघडली. साहेबाने नवीन हिरवळ लावली होती, सकाळी त्याचा फोन आला होता. त्याचीही पाळी नव्हती. पाऊण तास चालू ठेवली. माझे पेन्शनचे कागद त्याच्या टेबलावर होते, आणि मी भ्यालो. तुझ्या मांडवाला नियम सांगितला आणि त्याच्या गवताला पाणी दिलं. ते पाणी आपल्या वस्तीच्या वाट्याचं होतं. शेवटच्या टोकाची वस्ती म्हणून आपल्याला आधीच कमी यायचं, ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तू त्या दिवशी म्हणालास, "दादा, तू नियमाचा माणूस नाहीस, भित्रा आहेस." मी वस्तीभर सांगत फिरलो की तू रागात काहीही बोललास.

दोन ऑक्टोबरला आमचं विमान आहे. मी आधी तुझ्याकडे येईन. चहा नको, पाणीही विचारू नकोस. तनूसमोर हे तोंडाने सांगायचं आहे, तिच्या सासूलाही सांगेन. तोवर हे पत्र तनूला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. तो अधिकार तुझा आहे. विहारात वाचलंस तरी माझी ना नाही.

तू खरं बोलला होतास, दिना.

तुझा भित्रा भाऊ,
काशीनाथ