टाइपरायटर विकला, बाबा हयात आहेत

ला पास, रविवार, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप हिलारिया आत्यास निएवेसचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? कोरोइकोच्या त्या उतारावर तू अजून रोज दोनदा पाण्याला जातेस की शेजारणीने आणून दिलेलं पाणी मुकाट्याने घेतेस? लंगड्या कोंबडीला माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ते खरं नाही, पण ते पुढे येईलच.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी टाइपरायटर विकायला सांगितला आणि स्वतःच्या हाताने त्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला दिला. हे चूक आहे. बाबा त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात होते आणि टाइपरायटर मी नेला. ‘सांगितला’ हेही बरोबर नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “आता त्याचा काय उपयोग.” असं ते छत्रीबद्दल म्हणतात, स्वतःबद्दल म्हणतात, राष्ट्राध्यक्षांबद्दलही म्हणतात, आणि म्हणून आपण कोणाला उचलून विकायला नेत नाही. मी ती परवानगी समजले. शिवाय वजन सात किलो लिहिलं होतं, ते पेटीसकट साडेअकरा आहे. बटाटेवालीच्या काट्यावर नंतर खात्री केली (तिच्याकडे तेवढ्याच वजनाची बटाट्याची पिशवी उचलून पाहिली, कारण टाइपरायटर तोवर गेला होता).

कारण मात्र मी मागे लिहिलं तेच. आमची खोली एक, टेबल एक, आणि कायद्याची शेवटची परीक्षा जवळ आलेली. वर्गातल्या दोन मुली अभ्यासाला येतो म्हणत होत्या. टेबलावर एकतीस वर्षं न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर, छत्रीखाली, लोकांचे अर्ज बडवलेलं लोखंड बसलेलं. पुस्तकं ठेवायची कुठे?

आता दुकानदाराबद्दल. हे लिहिताना माझं अक्षर बिघडतं, त्याची आगाऊ क्षमा. त्याचं नाव सेन्योर उरिओस्ते. सोपोकाचीच्या श्रीमंत वस्तीत, झाडांच्या रस्त्यावर, मोठ्या काचेच्या खिडकीचं दुकान. गळ्यात विणलेला मफलर, तोही उन्हात. किमतीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती ठरली होती आणि त्याने दिली. पण पंधरा दिवसांनी बाबांच्या शेजारच्या टेबलावर अर्ज टाइप करणारे डोन सेवेरो घरी आले, टोपी काढून उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरी, तुझ्या बापाचा टाइपरायटर मेलेल्या माणसाच्या नावाने खिडकीत बसलाय. जाऊन बघ. बसू नको, उभ्यानेच बघ.”

मी गेले. आत्या, त्याने टाइपरायटरला निळा रंग दिलाय. पोहण्याच्या तलावाचा असतो तसा निळा. रुळावर वाळका गुलाब अडकवलाय (बाबांना गुलाबाने शिंका येतात, एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलाजवळ एक गुलाब आला असेल तर अर्जदाराने विसरलेला). आणि पुढ्यात पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर वळणदार अक्षरात: “या यंत्रावर एका विस्मृत कवीने आपल्या अखेरच्या प्रेमकविता लिहिल्या. १९३८–१९८१.” १९८१ साली बाबा एकोणीस वर्षांचे होते आणि तुझ्याच घरी राहून विटांच्या भट्टीवर कामाला जात होते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि प्रेमकविता? या टाइपरायटरवर पोटगीचे अर्ज झाले, गाढव चोरीला गेल्याच्या तक्रारी झाल्या, जन्मदाखल्यातल्या चुका दुरुस्त झाल्या, पाणी तोडल्याबद्दल पालिकेला अकरा पानं गेली. याच्यावर टाइप केलेल्या प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘न्याय मिळावा ही विनंती’ असं आहे. अशी प्रेमकविता मी तरी वाचलेली नाही.

मी आत जाऊन म्हणाले की हे कार्ड खोटं आहे. तो हसला. “बाळ, लोखंड कोण घेतं? लोक गोष्ट घेतात, लोखंड तिच्याबरोबर घरी जातं.” मी म्हणाले, ज्यांचा टाइपरायटर आहे ते हयात आहेत, आत्ता घरी बसून चाइरोचं सूप पितायत. तर म्हणतो, “पिऊ दे की. कार्डाने काय त्यांचं सूप सांडतंय?” त्यावर तो आणखी एक वाक्य बोलला, ते इथे लिहायची गरज नाही.

शिवाय त्याचीच माझ्याकडे तक्रार. टाइपरायटर उघडला तेव्हा आतून मूठमूठ कागदी टिकल्या निघाल्या, वाळलेल्या पाकळ्या निघाल्या, आणि सगळीकडे चिकट. “तुम्ही लोक यात दारू ओतत होता की काय?” म्हणजे काय, ओतत होतोच. दर कार्निव्हलच्या मंगळवारी बाबा त्याला रंगीत फिती गुंडाळायचे, वर कागदी टिकल्या आणि पांढऱ्या पाकळ्या टाकायचे, आधी धरणीमातेला, पाचामामाला, जमिनीवर आणि मग चार थेंब त्याला, असं वर्षाचं शिंपण व्हायचं. एकतीस मंगळवार. त्याने ते रॉकेलने धुऊन काढलं आणि वर मला सांगतो, घाण साफ केली.

बाबांना विकल्याचं कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. डोळ्यावर पट्टी, हात मांडीवर, बोटं मांडीवर आपली चाललेली, टक टक. एकच विचारलं, “जायच्या आधी त्याला पाजलंस ना?” मी म्हणाले, नाही. आईच्या हातातला चमचा तिथेच थांबला. आता तुला माहीत आहे, जुनी वस्तू घरातून जाताना निरोपाचं शिंपण झालं नाही तर ती गेली असं आपण धरत नाही. मी कायदा शिकले, म्हणून मला वाटलं पावतीवर सही झाली की झालं. तेव्हापासून आई घरातली प्रत्येक आपत्ती माझ्या नावावर टाकते. कुकरची शिट्टी उडून छताला लागली, निएवेस. शेजाऱ्याच्या कुत्र्याने मार्राकेता पावांची पिशवी पळवली, निएवेस. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढे गेली (डॉक्टर लग्नाला गेला होता), निएवेस. मी तिला कार्यकारणभाव समजावून सांगितला. ती म्हणाली, “तोच तर मी सांगतेय.” मी या गोष्टी मानत नाही. तरी तारीखवार यादी करून ठेवली आहे.

मग बाबांनीच निकाल दिला. “विकलं ते विकलं. पण मंगळवारी त्याला तहान लागणार. त्या सेन्योरच्या दुकानात जाऊन पाजून येऊ. त्या दिवशी तर सगळेच शिंपणासाठी आपापलं दुकान उघडतात, तोही उघडेल.” आई लगेच पाकळ्यांचा भाव काढायला लागली. मला उरिओस्तेकडे जाऊन विचारणं भाग पडलं. वाटलं, हाकलून देईल आणि सुटेन. तर तो आनंदाने टाळी वाजवायच्या बेतात. आईने मोठा घेरदार पोयेरा घागरा घालून आणि गोल टोपी लावून यावं, फोटो काढू, गिऱ्हाइकांना बोलावतो. आणि बाबा? त्यांच्याबद्दल थोडा विचार करून म्हणाला, “म्हातारबांना कवीचा जुना नोकर म्हणू. टाइपरायटर पुसायचा, कवीला कॉफी द्यायचा. लोकांना फार आवडेल.”

आत्या, मी चार वर्षं कायदा शिकले आहे आणि त्या क्षणी मला त्यातलं एकही कलम आठवलं नाही. बाबांनी कोणाला कॉफी दिलेली नाही. बाबांना लोक कॉफी आणून द्यायचे. बायका रडत यायच्या आणि टाइप केलेला कागद छातीशी धरून जायच्या. मी दरवाजा आपटून बाहेर पडले. (काचेचा होता, म्हणून हळू आपटला.)

बाबांना यातलं काही माहीत नाही. डोन सेवेरोंनी तोंड बंद ठेवलंय. पण बाबांचा नवा चष्मा शुक्रवारी, तेरा तारखेला मिळतोय. गेले दोन महिने त्यांना अक्षर दिसलेलं नाही, त्यामुळे दिसेल ते वाचणार: डबे, पाट्या, बसचे नंबर. मंगळवारी ते दुकानात उभे राहतील आणि पहिल्यांदा ते कार्ड वाचतील.

बाकी ठीक. आईने तुला लोकरीचे मोजे विणलेत, एक थोडा मोठा झालाय, तो दुखऱ्या गुडघ्याच्या पायाला घाल.

तुझी आज्ञाधारक,
निएवेस चोकेवांका

ता. क. खरं तर यासाठीच लिहायला बसले होते. तू बाबांना निरोप धाड की गुडघ्यांचं दुखणं फार वाढलंय, कार्निव्हलला कोरोइकोला या. तुझ्यासाठी ते येतील. फक्त मंगळवार टळायला हवा. तुला खोटं बोलायला लावते आहे हे मला कळतं.

ता. क. २. वरचं रद्द समज. पान फाडून नव्याने लिहिलं असतं, पण मग पहिल्या दुरुस्तीला अर्थ उरला नसता. उरिओस्ते जे वाक्य बोलला ते असं: “बाळ, कवी मला कोणी दिला, आठवतंय ना?” मी दिला, आत्या. टाइपरायटर नेला तेव्हा दुकानात माझ्या वर्गातल्या त्याच दोन मुली दिवे बघत उभ्या होत्या. त्याने विचारलं, हा कोणाचा? न्यायालयासमोर छत्रीखाली बसतात ते माझे बाबा आहेत हे त्या दोघींना माहीत नाही. चार वर्षं मी न्यायालयात मागच्या फाटकाने जाते, तुला हेही कधी लिहिलं नाही. मी म्हणाले, “एका कवीचा. वारले ते.” तारखा तेवढ्या त्याच्या. रंगाबद्दल, गुलाबाबद्दल आणि नोकराबद्दल माझा राग कायम आहे, तो मी मागे घेत नाही. पण बाबांना मारलं ते मी.

ता. क. ३. तेव्हा गुडघ्यांचं सोंग करू नको. खरोखर बरे असतील तर तूच ये. डोन सेवेरोंनी त्यांच्या टाइपरायटरवर बसू दिलं. मी कार्ड टाइप केलंय: “या टाइपरायटरवर डोन एलेउतेरिओ चोकेवांका यांनी एकतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. ते हयात आहेत आणि ही त्यांच्या मुलीची साक्ष आहे.” शेवटी सवयीने ‘न्याय मिळावा ही विनंती’ टाइप झालं, डोन सेवेरो म्हणाले, राहू दे. त्या दोन मुलींनाही बोलावलंय, का ते सांगितलं नाही. बाबांनी वाचण्याआधी जुनं कार्ड मी स्वतः त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, त्यातलं कोणतं वाक्य कोणाचं ते सांगणार, आणि मग बाबांना वाटलं तर ते पाजतील, नाही वाटलं तर बाटली माझ्या हातात देतील. घरी आधी सांगून मोकळी होणं सोपं आहे, म्हणून तसं करणार नाही. उरिओस्तेच्या दुकानात, सगळ्यांसमोर, मंगळवारी, १७ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता.