निळ्या झाकणाची टाकी

॥ श्री ॥

आळेफाटा
१५ जुलै २०२४

ती. इंद्रायणी आक्कास सावळेरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळवणे. फोन करत जा म्हणून तू निरोप पाठवतेस, पण माझा फोन बिघडलाय. पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. दुकानदारानं उघडून पाहिला आणि काहीच झालेलं नाही म्हणाला. त्याला काय कळतंय! म्हणून पत्र लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली हे तुला माहीतच आहे, चुकलंमाकलं सांभाळून घे.

काल तुझा दादाभाऊ नवी गाडी घेऊन गॅरेजला आला होता. नारायणगावहून टोमॅटो भरून इंदूरला निघालेला. भाच्याची स्वतःची गाडी बघून छाती भरून आली आणि खरं सांगू, जीव घाबराही झाला. केबिन पुढं कलवली तर आत हात घालायला जागा नाही, सगळ्या वायरीच वायरी. मी आपल्या जुन्या रीतीनं लांब पाना इंजिनला टेकवला आणि मूठ कानाला लावली. कुठला नोझल नीट फवारत नाही, कुठलं बेअरिंग झिजलंय, ते मला तेवढ्यावर समजायचं. काल काहीच समजलं नाही. इतकं शांत इंजिन मी जन्मात पाहिलं नाही. जुन्या गाड्या आठवडाभर कुरकुर करायच्या आणि मग बंद पडायच्या, घरातल्या म्हाताऱ्यासारख्या. ही बया बोलतच नाही, नुसता पिवळा दिवा लावून बसते. आता तिला काय हवंय ते आपणच ओळखायचं.

दादाभाऊनं निळ्या झाकणाच्या टाकीकडं बोट केलं, युरिया भरायचाय म्हणाला आणि समोरच्या हॉटेलात जेवायला गेला. आक्का, मी तिथंच खांबासारखा उभा राहिलो. उसाला युरिया घालतात, कांद्याला घालतात, पण गाडीला? विचारावं तरी कुणाला? आळेफाट्याचा सावळेराम मिस्त्री आणि भाच्याला विचारतोय, का रे बाबा, गाडीला खत कशाला लागतं! शेवटी शेजारच्या कृषी केंद्रातून युरिया आणला. प्यायच्या पाण्यात विरघळवला. माझ्या सूनबाईच्या, म्हणजे आपल्या वैजयंतीच्या, जुन्या साडीतून गाळला आणि परत गाळला. एक खडा राहू दिला नाही. टाकी गळ्यापर्यंत भरून दिली. दादाभाऊ जेवून आला, काहीतरी बोलला, मी हो हो म्हणालो आणि तो गेला.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. शेतकरी शेणखताकडं परत चाललेत आणि गाड्या युरियावर आल्यात. काय चाललंय काही समजेना. गाडी सुखरूप पोचल्याचं कळवणे म्हणजे जिवाला बरं वाटेल.

आजवर लोभ केलास तसाच पुढंही करावा.

तुझा
सावळेराम


॥ श्री ॥

महाळुंगे पडवळ
१९ जुलै २०२४

चि. सावळेराम यास इंद्रायणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना माझी भाकरी तव्यावर जळाली. जळेल नाहीतर काय होईल?

गाडी इंदूरला पोचली नाही. चंदनापुरीच्या घाटात चढाला लागली आणि अडेल बैलासारखी बसली. इंजिन चालू, पण ओढ नाही. दुसरी गाडी बोलावून माल तिच्यात चढवला, चढवता चढवता निम्म्या टोमॅटोची चटणी झाली. मग आपली गाडी ओढत कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसानं ते निळं झाकण उघडलं तर आत पांढरे खडे धरलेले. त्यानं विचारलं, हे कुणी घातलं? दादाभाऊनं सांगितलं, मीच घातलं, शेतकरी माणूस आहे, चुकलं. तिथले सगळे हसले म्हणे. घरी येऊनही त्यानं तुझं नाव काढलं नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मला उलगडा झाला.

मग मी त्याला बसवून विचारलं. गाडीचा युरिया वेगळा असतो म्हणतो. पाण्यासारखा, डब्यातून मिळतो, आणि धुरातलं विष मारायला वापरतात. आणि त्यानं तुला तो भरायला सांगितलाच नव्हता. तो म्हणाला होता, मामा, युरिया मी पुढच्या पंपावर भरतो, तुम्ही फक्त चाकांची हवा बघा. आणि तू हो हो म्हणालास.

सावळ्या, हवा कुठं आणि युरिया कुठं! तू ऐकलंस तरी काय? हे नीट लिहून कळव. गोल गोल लिहू नकोस, मी तुला लहानपणापासून ओळखते.

जिवाला जप. राग आलाय, पण लोभाला धक्का नाही.

इंद्रायणी


॥ श्री ॥

आळेफाटा
२९ जुलै २०२४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तर लिहायला बसायचो आणि कागद बाजूला ठेवायचो, म्हणून उशीर झाला.

हवा हा शब्द मी ऐकलाच नाही, गळ्याची शपथ. फाट्यावर किती कलकलाट असतो तुला माहीत आहे. नाशिकची एसटी, नगरची एसटी, त्यात दादाभाऊच्या तोंडात सुपारी. आणि हल्ली सगळेच हळू बोलायला लागलेत. पूर्वी ड्रायव्हर यायचा, खाटेवर पाय पसरायचा, क्लीनर चहा सांगायचा, आणि इंजिनचं हेड उघडेपर्यंत दोन राज्यांच्या बातम्या कळायच्या. आता क्लीनर उरला नाही. ड्रायव्हर एकटाच, तो खालीही उतरत नाही, वरूनच नुसते ओठ हलवतो. मी अंदाजानं काम करतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो.

मला एक सांग. गाडीचं काही मोडलं नव्हतं. पिस्टन चांगला, गिअर चांगला, स्प्रिंगचे पाटे चांगले. मग ती थांबली का? आमच्या गाड्या मोडल्याशिवाय थांबत नव्हत्या, आणि कधी कधी मोडल्या तरी थांबत नव्हत्या. माळशेजात एकदा तुटलेला पाटा दोरखंडानं आवळून गाडी वर काढलेली मी पाहिलीय. ही गाडी धडधाकट असून हट्टाला बसली. मी इतकं गाळून घातलेलं तिला चाललं नाही. विचार करून डोकं बधिर होतं.

पण ते राहू दे. माझं खरं दुखणं वेगळं आहे. दादाभाऊची गाडी दुरुस्त होऊन परत रस्त्याला लागलीय. पूर्वी गॅरेजवरून जाताना तो लांबूनच हॉर्न द्यायचा, मी पाना उंच करायचो, तो हसायचा. आता हॉर्न देत नाही. मी मान वर करतो तेव्हा संगमनेरच्या दिशेनं गाडीची पाठ जाताना दिसते. एकदा नाही, तीनदा झालं. त्यानं लोकांसमोर माझं नाव झाकलं ते त्याचं मोठेपण, पण मनातून त्यानं मामा पुसून टाकला. तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. हे मुकाट निघून जाणं सोसत नाही.

मी पाने रॉकेलनं पुसून पेटीत भरलेत. गॅरेज बंद करावं म्हणतो. गॅरेज गेलं तर दोन दिवस वाईट वाटेल. पण भाचाच तुटला तर मी मामा तरी कुणाचा राहिलो? तू मध्ये पडून एकदा त्याला विचार. नको, विचारू नकोस. नाहीतर विचारच.

माझ्यावरचा लोभ तेवढा काढून घेऊ नये.

तुझा
सावळेराम


॥ श्री ॥

महाळुंगे पडवळ
२ ऑगस्ट २०२४

चि. सावळेराम यास अनेक आशीर्वाद.

विचार म्हणतोस, नको म्हणतोस, मग परत विचार म्हणतोस. मी विचारलं.

दादाभाऊ दर खेपेला हॉर्न देतो. शेवटच्या वेळी तर गाडी हळू करून इतका लांब हॉर्न दिला की हॉटेलातली गिऱ्हाईकं हातातले घास तसेच धरून बाहेर आली. तू मात्र खाली मान घालून बसलेला. तो मला म्हणतो, आये, मामा लई रुसलेत, माझ्याकडं बघत पण न्हाईत. त्या दिवशी घाईघाईत आपलं बोलणं नीट झालं नाही आणि आपल्यामुळं मामांना खाली बघावं लागलं, असं त्याच्या मनानं घेतलंय. तू तिकडं कुढतोस आणि हा इकडं ताटावरून अर्धा उठतो.

अरे, तुझा फोन बिघडलेला नाही. तू बिघडलायस.

आपले तात्या आठवतात का? शेवटी शेवटी कुणी काही बोललं की हो हो करायचे. वैद्यानं विचारलं, पोट साफ होतं का? हो हो. घरात कुणी वारलंय का? हो हो. पोरं त्यांना होहो तात्या म्हणायला लागली, आणि त्यात तूच पुढं होतास. आता तुला तशी हाक मारायची पाळी माझी.

मी हे दादाभाऊला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ऐकू न येणं हा काही गुन्हा नाही. पण ते तुझ्या तोंडून त्याला कळलं पाहिजे. तुमच्या दोघांचे रुसवे वाहायला मी हमाल नाही, माझे गुडघे गेलेत.

सूनबाईला आशीर्वाद. लोभ आहे म्हणूनच लागेल असं लिहिलं.

इंद्रायणी


॥ श्री ॥

आळेफाटा
९ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. पत्र घडी करून खिशात घातलं, परत काढून वाचलं, परत राग आला. मग वैजयंतीला पाठीमागं उभं केलं आणि म्हटलं, काहीतरी बोल. वाट बघत बसलो. कंटाळून मागं वळलो, तर ती डोळ्यांना पदर लावून उभी. तिनं किती हाका मारल्या होत्या देव जाणे.

आता नारायणगावला जाऊन कान दाखवायचे ठरलेत. गॅरेजचं काय करायचं ते अजून समजत नाही. बहिऱ्या मिस्त्रीपुढं इंजिन कोण उघडून ठेवील? आणि ज्या इंजिनांना आवाजच नाही, त्यांच्यापुढं चांगले कान असूनही काय उपयोग? एकदा असं वाटतं, एकदा तसं वाटतं. आज सकाळी पेटी उघडली आणि परत लावून टाकली.

मंगळवारी मात्र रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, डोळे नारायणगावच्या बाजूला लावून बसलो. दादाभाऊची गाडी ओळखली तसा उठलो आणि एसटी थांबवावी तसे दोन्ही हात वर केले. त्यानं रस्त्यातच ब्रेक दाबला. मागं गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर लोक हात झटकत होते, तोंडं उघडत होते, हॉर्नही वाजत असणार. मला सगळं शांत. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आक्का. एवढी शांतता आळेफाट्यावर असूच शकत नाही.

दादाभाऊ खिडकीतून वाकून काहीतरी बोलला. माझी मान सवयीनं हलली, हो हो. मग माझी मीच हनुवटी धरली. त्याला म्हणालो, बाबा, मला ऐकू येत नाही. तू त्या दिवशी हवा म्हणालास तेही ऐकू आलं नव्हतं, तुझे हॉर्नही नाहीत, आणि आता बोललास तेही नाही. परत सांग. माझा आवाज किती मोठा निघाला कुणास ठाऊक, समोरचा आचारी झारा हातात धरून बघतच राहिला. म्हणजे फाट्यावर सगळ्यांना कळलं.

त्यानं परत सांगितलं. नाही कळलं. मग त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, माझे दोन्ही खांदे धरले, आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला. तो एवढंच विचारत होता, मामा, जेवलात का?

आणि मी आधी हो म्हणून बसलो होतो. जेवलो नव्हतो.

लोभ असावा, आणि आता जरा मोठ्यानं असावा.

तुझा
सावळेराम